घड्याळाची जनुकं आणि कर्करोग: एका सरळ वाटणाऱ्या गृहीतकाची गोष्ट

"हे जनुक कर्करोग रोखतं" असं वाक्य प्रपोजलमध्ये आपण सहज लिहून टाकतो. जैविक घड्याळाच्या जनुकांचा इतिहास वाचला की तिथे हात जरा थांबतो.

सुरुवात फळमाशीपासून. १९७१ साली कॅल्टेकमध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांना तीन प्रकारच्या उत्परिवर्तित माश्या सापडल्या. एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा, तिसरीला तालच नाही. तिन्ही बदल एकाच जनुकात निघाले, ते म्हणजे 'पिरियड'.

कर्करोगाशी धागा ठळकपणे जुळला २००२ मध्ये. ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत 'पर-२' बिघडलेल्या उंदरांवर गॅमा किरण सोडले, तेव्हा त्यांच्यात गाठी जास्त झाल्या. इजा झालेल्या पेशी मरायला हव्यात, त्या पुरेशा मरत नव्हत्या. मग सरळ निष्कर्ष: घड्याळ बिघडलं की कर्करोग वाढतो.

पण २००९ मध्ये अझीझ संजार यांच्या गटाने उलटंच दाखवलं. 'पी-५३' नसलेल्या उंदरांना लवकर कर्करोग होतो. त्यांच्यातलं 'क्राय' हे घड्याळाचं जनुकही काढल्यावर कर्करोग उशिरा झाला! कारण 'क्राय' नसताना इजा झालेल्या पेशी जास्त सहज मरत होत्या. म्हणजे घड्याळाचा कोणता भाग बिघडलाय आणि पेशीत आधीच काय गेलंय, हे दोन्ही पाहावं लागतं.

रुग्णांमध्येही तसंच. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात दिवसाची वेळ साधून औषधं दिल्यावर १९९७ च्या चाचणीत ५१ टक्के रुग्णांच्या गाठी आक्रसल्या, नेहमीच्या पद्धतीत २९ टक्के. २००६ च्या मोठ्या चाचणीत मात्र एकूण आयुर्मानात फरक दिसला नाही. पुरुषांना फायदा, स्त्रियांना तोटा! नुसती सरासरी पाहिली असती तर हे हातून निसटलं असतं.

आता आपल्या कामाचं. सार्वजनिक डेटाबेसमधल्या बहुतेक गाठींच्या नमुन्यांसोबत ते किती वाजता घेतले याची नोंदच नसते. या जनुकांची पातळी तर दिवसभर वरखाली होते. म्हणून 'पर-२ कमी, म्हणून रुग्ण कमी जगले' असं लिहिण्याआधी स्वतःला विचारा: ते खरंच कमी होतं, की फक्त नमुना घेतल्याची वेळ तशी होती?