प्रबळ आम्ले : प्रयोगशाळेतील हाताळणी

पाण्यात ज्यांचे जवळजवळ पूर्ण विचरण होते ती आम्ले प्रबळ. सल्फ्यूरिक, हायड्रोक्लोरिक व नायट्रिक ही नेहमीची तीन. गंधकाचा, मिठाचा व सोऱ्याचा तेजाब ही त्यांची जुनी नावे. प्रबळ म्हणजे संहत नव्हे. विरल हायड्रोक्लोरिक आम्लही प्रबळच असते.

विरलन : बाजारातील संहत सल्फ्यूरिक आम्ल सुमारे ९८ टक्के असून त्याची घनता १.८४ आहे. त्यावर पाणी ओतल्यास हलके पाणी वरच तरंगते, तिथेच उष्णतेने उकळते आणि आम्लाचे शिंतोडे उडवते. म्हणून आम्लच पाण्यात सोडावे. बारीक धारेने, काचकांडीने ढवळत, चंचुपात्र थंड पाण्यात ठेवून. मोजपात्रात किंवा जाड काचेच्या बाटलीत विरलन करू नये, ती तडकते.

पर्क्लोरिक आम्ल : हे वरच्या तिघांपेक्षा अधिक काळजीने वापरावे लागते. थंड असताना ७० टक्क्यांचे आम्ल ऑक्सिडीकारक म्हणून फारसे क्रियाशील नसते. तापवले की सेंद्रिय पदार्थाबरोबर त्याचा स्फोट होऊ शकतो. नमुन्याचे पचन करताना आधी नायट्रिक आम्लाने सेंद्रिय भाग संपवावा, हा विश्लेषकांचा पायाभूत नियम आहे. वाफेतून धूरनळीत पर्क्लोरेटचे थर साचतात; त्यासाठी पाण्याने धुता येणारे खास फ्यूम हूडच हवे. २० फेब्रुवारी १९४७ रोजी लॉस एंजेलिसमधील एका मुलामा कारखान्यात पर्क्लोरिक आम्ल व ॲसिटिक ॲनहायड्राइड यांच्या मिश्रणाचा स्फोट होऊन १७ जण मृत्युमुखी पडले.

हायड्रोफ्लोरिक आम्ल : विचरणाच्या निकषावर हे दुर्बल, तरी धोक्यामुळे बहुधा याच गटात घेतात. ते काच खाते, म्हणून पॉलिथिलीनच्या बाटलीत ठेवतात. विरल आम्लाच्या भाजण्यात वेदना तासांनी जाणवते, तोवर फ्लुओराइड शरीरातील कॅल्शियम बांधत जाते. २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी नसेल तर बाटली उघडूच नये.

प्रथमोपचार : सल्फ्यूरिक आम्ल आधी कोरड्या फडक्याने टिपावे की थेट धुवावे, यावर एकमत नाही. मात्र भरपूर वाहत्या पाण्याला विलंब नको. डोळे किमान १५ मिनिटे धुवावेत आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

संरक्षण : गॉगल, योग्य हातमोजे, ॲप्रन. तोंडाने पिपेट ओढू नये.

कायदा : सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जुलै २०१३ च्या आदेशानुसार शैक्षणिक संस्था व संशोधन प्रयोगशाळांनी आम्लाच्या वापराची नोंदवही ठेवावी, ताब्यासाठी एक व्यक्ती जबाबदार धरावी आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करावी.

साठवण : अल्कली व ज्वालाग्राही द्रवांपासून वेगळी, खालच्या फळीवर.