मिरजेचे रूळ आणि संगणकाची सामायिक लायब्ररी

वाचकहो, १९७० ते ८० च्या काळात आपण मिरज जंक्शनवर गाडी बदलली असेल, तर तेथील तीन मापांचे रूळ आपणांस आठवत असतील. १९७१ साली पुण्याहून साताऱ्यामार्गे येणारी मीटरगेज लाईन ब्रॉडगेज झाली. परंतु बेळगावकडील गाड्या मीटरगेजवर व कुर्डुवाडीच्या गाड्या नॅरोगेजवरच धावत राहिल्या. नवा रूळ आला म्हणून इतर गाड्या अडल्या नाहीत. हाच धडा शिकण्यास संगणकशास्त्राला मात्र बराच काळ लागला.

फाईल उघडणे, अक्षरे दाखविणे, छपाई करणे ही कामे संगणकातील अनेक प्रोग्रॅमना सारखीच लागतात. त्यांच्या सूचनांची एकच प्रत सर्वांनी वापरावी, ही सामायिक लायब्ररीची कल्पना होय. तिने जागा वाचते आणि एक चूक दुरुस्त केली की सर्वांचीच दुरुस्ती होते. परंतु १९९० च्या दशकात विंडोजवर नवा प्रोग्रॅम बसविताना तो पुष्कळदा आपल्या सोयीची आवृत्ती, त्याच नावाने, पहिलीच्या जागी टाकीत असे. मग काल चालणारा दुसरा प्रोग्रॅम आज बंद पडे! या प्रकाराला ‘डीएलएलचा नरक’ असे नाव पडले. कचेरीत निकालपत्रके अडत, आणि दोष मात्र बिचाऱ्या कारकुनाच्या माथी येई.

यावर उपाय निघाले. विंडोज २००० ने मूळ फाईलींना संरक्षण दिले. २००१ च्या विंडोज एक्सपीने दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवण्याची सोय केली. लिनक्समध्ये आवृत्तीचा क्रमांक लायब्ररीच्या नावातच असतो व प्रोग्रॅम त्याच नावाने तिला हाक मारतो. म्हणूनच १९९७ नंतर ‘लिबसी’ची सहावी आवृत्ती रूढ होत असताना पाचवीवरचे प्रोग्रॅमही चालू शकले. २००३ मध्ये हॉलंडच्या इल्को डोल्स्ट्रा यांनी सुरू केलेल्या ‘निक्स’ने तर प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र घरच दिले.

अर्थात या सोयीची किंमत आहेच. मिरजेत उतारूंना सामान घेऊन गाडी बदलावी लागे. इथे जागा जास्त लागते आणि जुन्या प्रतीतील दोष तसेच राहू शकतात.

पुढे मिरजेचे सारे मार्ग ब्रॉडगेज झालेच. तात्पर्य, जुने कधीच काढू नये असे नव्हे. त्यावर विसंबणाऱ्यांची सोय आधी पाहावी, मगच काढावे. आपल्या शाळेच्या संगणकावर नवे काही बसविण्यापूर्वी एवढे जरूर ध्यानात ठेवा.