शर्यतीच्या चाकाचा आउट
१४. शर्यतीच्या सायकलच्या उत्तम चाकाची रिम डावी-उजवीकडे साधारण ०.२ मिमीपेक्षा जास्त डोलू नये, अशी कसलेल्या कारागिरांची अपेक्षा असते. वर-खाली किंचित जास्त चालते, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या रिमच्या सांध्यापाशी बारीकसा उंचवटा राहू शकतो. पण नुसता आउट, म्हणजे रिमचे हे डोलणे, काढला म्हणजे काम झाले, असे मुळीच नाही. एक स्पोक फार ताणून आणि शेजारचा ढिला ठेवूनही रिम सरळ दिसते; पारी-रूबे शर्यतीच्या दगडी रस्त्यावर मात्र असे चाक टिकत नाही. म्हणूनच जाणता कारागीर निपल फिरवता फिरवता स्पोक बोटांनी छेडून त्यांच्या सुरावरून ताण जोखतो. मागच्या चाकात गिअरच्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात, तेव्हा तुलना एकाच बाजूच्या स्पोकांची करावी. डिस्कब्रेकच्या चाकात रिमला ब्रेक घासण्याचा प्रश्नच नाही. तिथे तर आधी ताणच पाहावा.