धमनीची भिंत आणि स्नायूतील चरबी

चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकनाच्या, म्हणजेच एमआरआयच्या इतिहासात पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांची नावे अग्रस्थानी येतात, आणि ते रास्तच आहे. परंतु स्नायूंच्या आजारांपुरते पाहिले, तर या तंत्राचे एक मूळ त्याहून जुने असून त्याचा धागा मुंबईपर्यंत पोहोचतो. १९५१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासमवेत एस. एस. धर्मट्टी यांनी दाखवून दिले की, तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या इथाइल अल्कोहोलमधील हायड्रोजनची अणुकेंद्रे एकच संकेत न देता तीन निरनिराळे संकेत देतात, कारण रेणूतील हायड्रोजनच्या तीन गटांचा शेजार वेगवेगळा असतो. हेच धर्मट्टी पुढे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि या विषयाचा संशोधनगट त्यांनी तेथे उभा केला.

संकेतांमधील याच फरकाचा आधार घेऊन थॉमस डिक्सन यांनी १९८४ मध्ये पाणी आणि चरबी यांच्या प्रतिमा वेगळ्या काढण्याची रीत मांडली. तिचे मोल स्नायुक्षयात, म्हणजे स्नायुतंतू झिजून त्यांची जागा चरबी घेत जाते अशा आनुवंशिक विकारांत, विशेष जाणवते: पूर्वी स्नायूचा तुकडा काढून तपासला, तरी त्या एकाच जागेची स्थिती कळत असे, तर प्रतिमेत संपूर्ण मांडी किंवा पोटरी दिसते आणि कोणता स्नायू आधी झिजला व कोणता शाबूत राहिला, यावरून विकाराचा प्रकार ताडता येतो.

एमआरआय रक्तवाहिन्यांच्या आजारांतही उपयोगी पडते; त्या आजारांची कथा मुंबईतच, परळच्या केईएम रुग्णालयात घडली. तरुण वयातच महाधमनी आकुंचित होऊन रक्तदाब वाढणाऱ्या रुग्णांचा अभ्यास करून पी. के. सेन, एस. जी. किनरे, जी. बी. परुळकर आदींनी १९६३ मध्ये ‘मध्य-महाधमनी लक्षणसमूह’ या अर्थाची संज्ञा रूढ केली, आणि धमनीदाहाचा, म्हणजे धमनीच्या भिंतीला येणाऱ्या सुजेचा, क्षयरोगाशी असलेला संबंध किनरे यांनी १९७० च्या शोधनिबंधात तपासला. शवविच्छेदनात हाती येणारी जाड झालेली धमनीची भिंत आज एमआरआयमध्ये जिवंत रुग्णाच्या शरीरात पाहता येते. क्ष-किरणांच्या जुन्या धमनीचित्रणात भिंत नव्हे, तर फक्त आतला मार्ग उमटत असे.

हे ज्ञान मुंबईत साकारत असताना मराठवाडा त्यापासून फार दूर होता, आणि हे अंतर केवळ मैलांचे नव्हते. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या नांदेडचा रेल्वेमार्ग एका टोकाला सिकंदराबादला जाऊन भिडत असल्याने गंभीर दुखण्याच्या रुग्णाला हैदराबादच जवळचे होते. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये स्थापन झाले, अंबाजोगाईचे सत्तरच्या दशकात, नांदेडचे १९८८ मध्ये आणि लातूरचे त्याहूनही नंतर. त्यामुळे डिक्सन यांची रीत प्रसिद्ध झाली, तेव्हा नांदेड जिल्ह्यात स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही नव्हते.