गरिबाचं रेंडर फार्म: जास्त कोअर स्वस्त कसे झाले?



२०१९ची गोष्ट. रात्री अडीच वाजता माझ्या धाकट्या बहिणीची व्हॉइस नोट आली. ती तेव्हा नाशिकला आर्किटेक्चर शिकत होती आणि सकाळी दहाला तिची ज्युरी होती. "दादा, रेंडर अजून ४१ टक्क्यांवरच आहे रे." मागे लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा ओरडत होता. चार व्ह्यू द्यायचे होते, झाले होते दोन. ज्यांच्याकडे महागडं मशीन होतं ती मुलं निवांत झोपली होती. डिझाइन कुणाचं चांगलं हा प्रश्न पुढचा, आधी कुणाचं मशीन वेळेत काम संपवतं यावरच अर्धा निकाल लागत होता.

तेव्हा मी शोधायला लागलो, की कमी पैशात जास्त कोअरचं मशीन बनवता येतं का? शोधता शोधता इतिहासच सापडला. आज तोच सांगतो.

आधी एक साधी गोष्ट. रेंडरिंग म्हणजे पोळ्या लाटणं. शंभर पोळ्या असतील तर दहा जणी बसल्या की काम भराभर होतं, कारण एक पोळी दुसरीसाठी थांबत नाही. रेंडरमध्येही चित्राचा एक चौकोन दुसऱ्यासाठी थांबत नाही. पण कणीक? ती एकीनेच मळायची. तिथे दहा हात घातले तरी उपयोग शून्य. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये हाच मुद्दा मांडला. कामाचा १० टक्के भाग वाटता येत नसेल, तर कितीही प्रोसेसर लावा, वेग दहापटीच्या वर जाणारच नाही. ही कणीक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१९९५ मध्ये 'टॉय स्टोरी' आला. तो रेंडर करायला पिक्सारने सनची ११७ स्पार्कस्टेशन २० मशीन लावली होती. ८७ मशीनमध्ये दोन-दोन प्रोसेसर, ३० मध्ये चार-चार. एकूण २९४ प्रोसेसर! हा स्टुडिओंचा खेळ होता, घरी बसून कुणी विचारही करू शकत नव्हतं.

पण 'एक महागडा राक्षस नको, साधे पुष्कळ कामगार लावू' हा विचार तेव्हा दुसरीकडेही चालू होता. आपल्या पुण्यातच! अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला आडकाठी केली, म्हणून १९८८ मध्ये सी-डॅक उभं राहिलं. विजय भटकरांच्या टीमने १९९१ मध्ये परम ८००० दाखवला, त्यात ६४ ट्रान्सप्युटर चिप एकत्र काम करत होत्या. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे ४८६ प्रोसेसर इथरनेटने जोडले. त्या क्लस्टरचं नाव बेवुल्फ. आणि १९९७ च्या 'टायटॅनिक'साठी डिजिटल डोमेनने १६० अल्फा मशीन घेतली, त्यातली १०५ चक्क फुकटच्या लिनक्सवर चालत होती.

आता घराकडे येऊ. १९९९ मध्ये अबिट कंपनीने बीपी६ नावाचा मदरबोर्ड काढला. त्यावर इंटेलचे दोन स्वस्त सेलेरॉन बसायचे. सेलेरॉन जोडीने वापरावा असं इंटेलच्या मनातही नव्हतं, दोन प्रोसेसर हवे तर महागडी चिप घ्या असा हिशोब. पण लोकांनी ३६६ मेगाहर्ट्झचे दोन सेलेरॉन घेतले, बस ६६ वरून १०० वर नेला आणि ५५० वर पळवले. गंमत म्हणजे विंडोज ९८ ला दुसरा प्रोसेसर दिसायचाच नाही. त्यासाठी एनटी किंवा लिनक्स टाकावं लागायचं.

मग मोठ्या कंपन्या या वाटेवर का आल्या? उदारपणे नाही, उष्णतेमुळे! पेंटियम ४ ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि तिथेच अडकला. २००४ मध्ये इंटेलने पुढची टेजस चिप रद्द केली. वेग वाढवता येईना, मग कोअर वाढवले. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी दोघांचे ड्युअल कोअर घरोघरी आले. जानेवारी २००७ मध्ये चार कोअरचा क्यू६६०० आला ८५१ डॉलरला, आणि जुलैमध्ये किंमत झाली २६६ डॉलर. पण त्यानंतर साध्या डेस्कटॉपवर इंटेलची गाडी चार कोअरवरच थांबली, जवळजवळ दहा वर्षं. स्पर्धाच नव्हती ना!

त्या काळात जुगाड होता सर्व्हरच्या भंगाराचा. २०१२ चा आठ कोअरचा झिऑन ई५-२६७० नवा असताना दीड हजार डॉलरच्या आसपास होता. डेटा सेंटरनी जुने सर्व्हर काढले आणि २०१६ च्या सुमारास तोच शंभर डॉलरच्या आत मिळू लागला. बहिणीसाठी मी हाच बनवला. सेकंड हँड झिऑन, सर्व्हरची जुनी रॅम, बिननावाचा बोर्ड.

रेंडर? झक्कास. पण आठवड्याने तिचा फोन. "दादा, मॉडेल फिरवताना अडकतंय. लॅपटॉपच बरा होता."

हीच ती कणीक! तिचं मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर बहुतेक काम एकाच कोअरवर करायचं, आणि झिऑनचा एकेक कोअर जुना, हळू. दिवसाचे आठ तास ती मॉडेल करायची, रेंडर रात्री दोन तास. मी रात्र वाचवली आणि दिवस घालवला. चार महिन्यांनी तो बोर्डही मेला.

दरम्यान बाजार पालटला होता. डिसेंबर २०१६ मध्ये एएमडीच्या लिसा सू यांनी रायझन दाखवला, तोही ब्लेंडरमध्ये रेंडर करून. मार्च २०१७ मध्ये आठ कोअरचा १८००एक्स आला ४९९ डॉलरला. इंटेलचा आठ कोअरवाला तेव्हा हजाराच्या वर होता. २०१९ मध्ये एएमडीने साध्या डेस्कटॉपच्या रायझनमध्येही चिपचे छोटे तुकडे करून ते जोडायला सुरुवात केली. मोठ्या चिपमध्ये एक डाग निघाला तर सगळी चिप वाया. तुकडे छोटे असले की एखादाच फेकावा लागतो. स्वस्ताईचं मोठं कारण हे.

बहिणीसाठी दुसऱ्यांदा रायझन ५ ३६०० घेतला. सहाच कोअर, अमेरिकेत १९९ डॉलर. आणि तो रेंडरमध्येसुद्धा त्या आठ कोअरच्या झिऑनला मागे टाकत होता, मॉडेलिंग तर लोण्यासारखं.

म्हणून मशीन बनवायचं असेल तर आधी आठवडाभर वही ठेवा. किती तास मॉडेलिंग, किती तास रेंडर, ते लिहा. मॉडेलिंग जास्त असेल तर आधी एका कोअरचा वेग बघा. रेंडर जास्त असेल तर कोअर. रॅममध्ये कंजूषपणा नको, सीन रॅममध्ये मावला नाही तर सगळे कोअर हात बांधून बसतात. आणि बोर्ड, पॉवर सप्लाय नावाजलेलाच घ्या, हे मी पैसे घालवून शिकलोय.

बहीण आता नोकरी करते. मशीन अजून तेच आहे. परवा तिने मेसेज केला, "रेंडर लावून झोपते आहे."

ग्राफिक्स कार्डवरच्या रेंडरिंगची गोष्ट वेगळी आहे, ती पुढच्या भागात. तुमच्या पहिल्या मशीनची गोष्ट मला व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. भेटू!