सरहद्दीच्या खुणा आणि देवतांची वाट

सीमेचा दगड ही आपल्या लोकपरंपरेंत पवित्र मानलेली वस्तु होय. शिलाहारकाळांत दान दिलेल्या भूमीवर गद्धेगाळ उभारीत. त्यावरील चंद्र-सूर्य दान अक्षय राहो असें सुचवीत, आणि खालचें शापचित्र दान मोडणाऱ्यास भय दाखवी. दिलेलें रक्षावें, हा त्या शिलेचा हेतु. गोमंतकांत परकीय सत्तेनें जी सरहद्द आंखली तिच्या खुणा मात्र जिंकलेलें राखण्यासाठीं उभ्या राहिल्या. त्यांचा इतिहास आपल्या कुलदेवतांच्या स्थलांतराशीं इतका निगडित आहे कीं, या स्मरणग्रंथांत त्याचा मागोवा घेणें उचितच होईल.

पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें तिसवाडी घेतली, आणि १५४३ मध्यें बारदेश व साष्टी हे महाल त्यांच्या हातीं गेले. त्या काळीं सरहद्द दगडाची नव्हती, पाण्याची होती. एका अंगास जुवारी, पूर्वेस मांडवी व जुवारी यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी, उत्तरेस शापोरा नदी. या पाण्याच्या कडेनें बाणस्तारीसारख्या उताराच्या जागीं तटबंदी झाली; बारदेशांत थिवीं येथें १६३५ मध्यें किल्ला उभा राहिला.

पाण्याच्या एका तीरावर मंदिरें पाडलीं जात होतीं. पलीकडे अंत्रुज महालांत आदिलशाही अंमल होता. १५६० मध्यें श्रीमंगेश कुशस्थळीहून जुवारी ओलांडून प्रियोळास आले. १५६६ मध्यें श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास स्थिरावली. कुशस्थळीचा मठही याच उत्पातांत नष्ट झाला. ती परंपरा कालांतरानें कवळें येथें पुन्हा नांदूं लागली. घरदार, शेतभात मागें टाकून आपल्या पूर्वजांनीं देव तेवढे बरोबर घेतले. राजसत्तेच्या दृष्टीनें जी खाडी राज्याची कड होती, तीच भक्तांच्या दृष्टीनें अभयाचा उंबरठा ठरली.

पुढें याच कांठावर मराठ्यांचें सामर्थ्य प्रकट झालें. १६७५ मध्यें शिवछत्रपतींनीं फोंड्याचा किल्ला जिंकला, आणि नोव्हेंबर १६८३ मध्यें संभाजीमहाराजांनीं जुवें बेट घेऊन गोवें शहराच्या उंबरठ्यापर्यंत धडक मारली.

अठराव्या शतकांत सरहद्दच सरकली. १७४६ मध्यें सावंतवाडीकरांचा तेरेखोलचा किल्ला पोर्तुगीजांनीं घेतला. १७६३ मध्यें फोंडें, १७८१-८२ मध्यें डिचोली व सत्तरी आणि १७८८ मध्यें पेडणें त्यांच्या अमलाखालीं गेलें. ज्या भूमीनें देवांना आश्रय दिला, तीच आतां सरहद्दीच्या आंत आली. परंतु या नव्या मुलखांत देवळांना व धर्माचाराला हात न लावण्याचें अभिवचन राज्यकर्त्यांस द्यावें लागलें. दोनशें वर्षें जपलेल्या निष्ठेचा तो विजयच म्हटला पाहिजे.

आतां सरहद्द सह्याद्रीला भिडली आणि पलीकडे इंग्रजी अंमल आला. १८७८ च्या करारानें जकातीची अडचण कांहीं काळ दूर झाली. १८८८ मध्यें मुरगांवची आगगाडी घाट चढून कॅसलरॉकपर्यंत धांवूं लागली. तो करार १८९२ मध्यें संपला व जकातीचीं ठाणीं पुन्हा जागीं झालीं. १९५५ मध्यें ही आगगाडीही सरहद्दीवर थांबली. मठांचा शिष्यवर्ग रेषेच्या दोन्ही अंगांस पसरलेला. देवदर्शन व गुरुदर्शन दुर्घट झालें. त्याच वर्षीं १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही सरहद्द ओलांडूं लागले, तेव्हां त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पत्रादेवीचें हुतात्मा स्मारक ही या सरहद्दीची अखेरची शिला होय. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोमंतक मुक्त झाला आणि ती परकी रेषा पुसली गेली.

तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर असूनही आजमितीस गोव्यांतच मोडतो, हें त्या जुन्या रेषेचें एक शेष. भाविकांनीं मंगेशी-कवळ्याच्या यात्रेस जातांना बाणस्तारीची खाडी क्षणभर थांबून पाहावी. तेथें सरहद्द सांगणारी पाटी नको. पलीकडची देवालयेंच तिची साक्ष देतात. तट बांधणाऱ्यांचीं राज्यें गेलीं. मस्तकावर देव घेऊन पाणी ओलांडणाऱ्यांचा वारसा मात्र अखंड राहिला. तो सांभाळणें हेंच आपलें कर्तव्य.