उष्म्याचा जमाखर्च

जुळे सोलापुरात वैशाखाच्या दुपारी कूलरच्या टाकीत बादलीने पाणी ओतणाऱ्या गृहस्थाला, उष्मा बाहेर घालवायलाही वीज लागते हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. तरीही महासंगणकांचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक त्यांच्या वेगाचेच पोवाडे गातात आणि विजेच्या रोजकीर्दीकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

आपल्याकडे ही रोजकीर्द मुंबईत उघडली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्णत्वास गेलेल्या 'टिफ्रॅक' या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि आकडेमोड चालू असो वा नसो, प्रत्येक नळीतली तार तापती ठेवावीच लागे. याउलट आमच्या चादरीच्या जॅकार्ड मागावर, पुठ्ठ्याला जिथे भोक असते तिथे सुई आत शिरते, तिचा आकडा उचलला जातो आणि उभा धागा वर येतो. जिथे भोक नाही तिथे सुई मागे सरते आणि धागा स्वस्थ पडून राहतो. संगणकाला हा स्वस्थपणा, खरे सांगायचे तर, अजूनही पुरता साधलेला नाही: नळ्यांच्या जागी आलेला ट्रान्झिस्टर मुख्यतः स्थिती बदलतानाच वीज खातो हे खरे, परंतु रिकामा बसलेला सर्व्हरही मीटर फिरवीतच राहतो.

१९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या प्रगत संगणन विकास केंद्राने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, तेव्हा अभिमान होता तो स्वावलंबनाचा. फेब्रुवारी २०१३ मध्ये 'परम युवा-२' आला तेव्हा सूर पालटलेला होता: वेग आधीच्या यंत्राच्या सुमारे दसपट, आणि वीज मात्र ३५ टक्क्यांनी कमी. एकच चिप अधिकाधिक वेगाने पळवायची तर विद्युत्दाब वाढवावा लागतो, आणि खर्च त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. म्हणून संथ चालीचे पुष्कळ गाभे (कोअर) एकत्र जुंपण्याची तजवीज झाली.

ही वीज ज्या जालातून येते त्याचीही कथा आमच्या गावाशी येऊन भिडते. त्याच २०१३ साली ३१ डिसेंबरला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचे वीजजाल उर्वरित देशाशी एकाच वारंवारतेने जोडले गेले. पुढे सोलापूरनजीक फताटेवाडीस १,३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र उभे राहिले. कोळशावर केलेली वाफ पुन्हा थंड करण्यासाठी तिथे पाणी लागते ते उजनी धरणाचे. आमच्या नळालाही तेच येते, काही दिवसांआड, आणि त्यातली एक बादली कूलरला जाते.